उंच केलेल्या जीपचे दुखणे

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





या मेळाव्यासाठी चिटणीस साहेबांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘उंच केलेल्या जीपचे स्टिअरिंग’ असे सांगितले. त्यांना वाटले, मी थट्टा करतो आहे. बी.ए., बी.एड. झालेल्या माणसाने वर्गात मराठी आणि इतिहास शिकवावा, गॅरेजच्या गोष्टी कशाला सांगाव्यात, असा प्रश्न आपल्यापैकीही काहींच्या मनात आला असेल. परंतु आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल गॅरेजवर चालते. कोणाचे वडील, कोणाचे मामू, कोणाचा थोरला भाऊ हातात पाना घेऊन उभा आहे. ज्या कामावर आपले पोट चालते त्या कामाविषयी शाळेच्या व्यासपीठावरून कधीच बोलू नये, हे मला तरी पटत नाही.

माझ्या मामूंचे कोकणात हमरस्त्याला लागून छोटेसे गॅरेज आहे. सुट्टीत मी तेथेच असे. काही वर्षांपूर्वी तेथे एक जुनी जीप आली. मालक आंबा-बागायतदार. बागेकडे जाणारी वाट जांभ्या दगडाची, मध्ये ओढा. गाडीचे पोट दगडाला घासू नये म्हणून त्यांनी ती कोठूनशी उंच करून आणली होती. कमानपाट्यांत एकेक पान वाढवलेले, पाट्याच्या टोकाला लांब शॅकल बसवलेल्या आणि टायर मोठे. गाडी दिसायला रुबाबदार झाली होती. तक्रार एकच होती. ताशी पन्नास-साठच्या पुढे गेल्यावर रस्त्यातला एखादा खड्डा लागला की पुढची दोन्ही चाके डावी-उजवीकडे थडथड उडू लागत. स्टिअरिंग हातात धरवत नसे आणि गाडी जवळजवळ उभी करीपर्यंत ते थांबत नसे. इंग्रजी मुलखात या प्रकाराला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. आपल्याकडचे जुने मेकॅनिक ‘शिमी’ म्हणतात. नाव काहीही असो, अनुभव जीवघेणा असतो.

प्रथम त्या गाडीची अलाइनमेंट मशीनवर करून आणली. आठ दिवस बरे गेले. मग चाकांचे बॅलन्सिंग केले. नंतर कोणी सुचवले म्हणून स्टिअरिंग डॅम्पर बसवला. डॅम्पर म्हणजे शॉकॲब्सॉर्बरसारखी एक नळी. ती दांडीला आडवी जोडली की चाकाची थरथर दाबून धरते. त्याने महिनाभर आराम पडला, आणि सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. एके दिवशी घाट उतरताना पुन्हा तोच प्रकार झाला. जीप रस्त्याच्या कडेच्या गटारापर्यंत गेली. मागच्या बाकावर बागायतदारांची दोन नातवंडे शाळेच्या गणवेशात बसली होती. अल्लाहच्या कृपेने कोणाला काही लागले नाही. पण त्या रात्री मामू जेवले नाहीत. “मी दुखणं बघितलंच नाही, नुसतं दाबलं,” एवढेच ते बोलले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती जीप नव्याने तपासायला घेतली. त्या तपासणीतून मी जे शिकलो, आणि पुढे वाचून, विचारून जे समजून घेतले, तेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

मित्रहो, गाडी उंच केल्याने नेमके काय बिघडते हे आधी समजून घेऊ. त्यासाठी तीन शब्द पुरेत. कॅस्टर, टो आणि कॅम्बर.

कॅस्टर म्हणजे काय, हे सायकलकडे पाहून समजते. सायकलचा पुढचा चिमटा उभा सरळ नसतो, वरून मागे कललेला असतो. त्यामुळे हात सोडले तरी चालती सायकल सरळ जाऊ पाहते. मोटारीचे पुढचे चाक ज्या किंगपिनभोवती वळते, ती किंगपिनही अशीच वरच्या बाजूने किंचित मागे कललेली असते. जुन्या विलिस जीपमध्ये हा कल ३ अंशांचा. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येते ते या कलामुळे. हा कल नाहीसा झाला की गाडी रस्त्यावर भरकटते, सारखी सावरावी लागते, आणि चाकांना थरथरण्याची खोड लागते.

टो म्हणजे दोन्ही पुढच्या चाकांची तोंडे एकमेकांकडे किती वळली आहेत ते. वरून पाहिले असता चाकांच्या पुढच्या कडा मागच्या कडांपेक्षा किंचित जवळ असतील तर टो-इन, लांब असतील तर टो-आऊट. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिले असता चाक आत किंवा बाहेर किती कलले आहे ते. पुढे अखंड ॲक्सल असलेल्या जीपमध्ये कॅम्बर सहसा जुळवता येत नाही, तो कारखान्यातूनच ठरून आलेला असतो. म्हणून तेथे कॅम्बर चुकलेला दिसला तर ॲक्सल वाकला आहे किंवा किंगपिन, बेअरिंग झिजले आहे असा संशय धरावा.

आता त्या जीपकडे येऊ. तिच्या पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला होती. मूळ शॅकलपेक्षा नवी शॅकल ५ सेंटिमीटर लांब होती. पाट्याची लांबी सुमारे ९० सेंटिमीटर. म्हणजे पाट्याचे पुढचे टोक ५ सेंटिमीटर खाली गेले, मागचे जागेवरच राहिले, आणि पाट्यावर बसलेला ॲक्सल तेवढाच पुढे कलला. ९० ला ५ हा उतार म्हणजे ३ अंशांहून थोडा जास्त. मूळ कॅस्टरच ३ अंशांचा! मी शाळेतून फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक आणि गवंड्याकडून ओळंबा आणला. त्याने अर्धा अंशही नीट कळत नाही हे खरे, परंतु कॅस्टर जवळजवळ शून्यावर आला आहे एवढे दिसायला तो पुरला. आणि या सगळ्या खटाटोपात लांब शॅकलने उंची किती मिळाली? ॲक्सल पाट्याच्या मध्यावर असल्यामुळे ५ ची निम्मी, म्हणजे अडीच सेंटिमीटर. अडीच सेंटिमीटर उंचीसाठी गाडीने आपला सरळ चालण्याचा गुणच गमावला होता.

ज्या गाड्यांत शॅकल पाट्याच्या मागच्या टोकाला असते तेथे कल उलट बदलतो. पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आणि दांड्यांवर ॲक्सल धरलेला असतो तेथे उंची वाढवली की दांड्यांचा कोन बदलतो आणि कॅस्टर बहुधा कमी होतो. म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नये, प्रत्येक गाडी मोजूनच पाहावी.

दुसरी गोष्ट दांड्यांची. स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारी दांडी मूळ गाडीत जवळजवळ आडवी असते. गाडी उंच केली की बॉक्स वर जातो, ॲक्सल खाली राहतो आणि दांडी भिंतीला टेकलेल्या शिडीसारखी तिरपी होते. तिरपी झाल्याने काय होते? मी गणिताचा शिक्षक नव्हे. परंतु पायथागोरसचा सिद्धांत दहावीपर्यंत मलाही शिकवला गेला आहे, आणि येथे तो उपयोगी पडतो. समजा, दांडी १०० सेंटिमीटर लांबीची आहे आणि अगदी आडवी आहे. खड्ड्यामुळे तिचे चाकाकडचे टोक ५ सेंटिमीटर वर उचलले गेले. हिशेब केला तर ते टोक आडव्या दिशेने जेमतेम सव्वा मिलिमीटर सरकते. आता तीच दांडी चाकाकडे २० सेंटिमीटर खाली उतरलेली धरा. तेच टोक तेवढेच ५ सेंटिमीटर उचलले, तर आडव्या दिशेने सुमारे ९ मिलिमीटर सरकते. सातपट! विद्यार्थ्यांनी घरी वहीवर हा हिशेब जरूर करून पाहावा. चाकाचा स्टिअरिंग आर्म १५ सेंटिमीटरचा असेल तर ९ मिलिमीटर सरकणे म्हणजे चाक साडेतीन अंशांच्या आसपास वळणे. चालकाने स्टिअरिंग हलवलेले नाही, तरी चाक वळले. प्रत्येक खड्ड्याला गाडी आपोआप एका बाजूला झेप घेते, तिचे कारण हे.

काही गाड्यांत ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून चौकटीपासून ॲक्सलपर्यंत आणखी एक आडवी दांडी असते, तिला ट्रॅक बार म्हणतात. ही दांडी आणि स्टिअरिंगची दांडी एकमेकींना समांतर आणि जवळपास सारख्या लांबीच्या असतील तर दोघींची सरक बरोबर चालते आणि चाक वळत नाही. उंच करताना एक दांडी खाली घेतली आणि दुसरी तशीच ठेवली की हे सख्य मोडते. शिवाय ट्रॅक बारची लांबी तीच राहिल्याने उंच केलेल्या गाडीचा ॲक्सल थोडा एका बाजूला सरकून बसतो.

पुष्कळ ठिकाणी आणखी एक चूक होते. गाडी उंच केल्यावर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग चाक वाकडे दिसते. मग ते काढून दात्यांवर फिरवून सरळ बसवतात. दिसायला सरळ झाले, पण आतला स्टिअरिंग बॉक्स त्याच्या मध्यावर राहिला नाही. बॉक्सची पकड मध्यावर सर्वांत घट्ट असते, बाजूला गेल्यावर त्यात ढिलेपणा असतो. म्हणून बॉक्स मध्यावर ठेवून दांडीची लांबी जुळवणे हाच खरा उपाय.

आता तपासणीचा क्रम. हा क्रम मामूंनी त्या दिवशी पाळला आणि नंतर भिंतीवर खडूने लिहून ठेवला.

पहिले, विचारणे. गाडी कधी ओढते? कोणत्या वेगाला थरथरते? खड्ड्यानंतर की सपाट रस्त्यावरही? ब्रेक लावताना की एरव्ही? ठरावीक वेगाला बारीक थरथर येते आणि वेग बदलला की जाते, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग पाहावे. खड्डा लागल्यावर जोराची धडधड सुरू होते, तर कोठेतरी ढिलेपणा आहे. एकाच बाजूला ओढते, तर पुढचे टायर डावे-उजवे बदलून पाहावेत. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. नाही गेली तर थोडे चालवून हब हाताने चाचपावे. एक हब जास्त तापला असेल तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही. वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही, तर कॅस्टर कमी आहे किंवा किंगपिन आवळलेली आहे.

दुसरे, हवा आणि टायर. दोन्ही बाजूंची हवा सारखी हवी. टायरवर तळहात आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागला तर टो चुकलेली आहे. एकच कड झिजली असेल तर कॅम्बर पाहावा. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी ठेवली जाते, मध्यभाग झिजला तर जास्त. ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील तर बॅलन्सिंग, शॉकॲब्सॉर्बर किंवा ढिले सांधे. टायर ही गाडीची रोजनिशी आहे, फक्त ती वाचायला शिकले पाहिजे.

तिसरे, चाक उचलून हलवणे. मागच्या चाकांना दगड लावावेत, ॲक्सलखाली भक्कम स्टँड द्यावा. विद्यार्थी मित्रांनो, नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. गरज केवढीही असो, घाई कितीही असो. मग चाक वर-खाली धरून हलवावे. ढिलेपणा जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये, तरीही राहिला तर किंगपिनमध्ये किंवा बॉल जॉइंटमध्ये. मग चाक डावी-उजवीकडे धरून हलवावे. तेथे टाय रॉडच्या टोकांचा दोष सापडतो.

चौथी परीक्षा सर्वांत मोलाची, आणि तिला एक पैसाही लागत नाही. गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी ठेवायची. एकाने स्टिअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे सारखे हलवत राहायचे. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवायचे. दुसऱ्याने पुढे बसून प्रत्येक सांध्यावर हात ठेवून पाहायचे. जेथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा भाग उशिरा हलतो, तेथे दोष. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळते. टाय रॉडची टोके, ट्रॅक बारचे बोल्ट, पाट्याचे बुश, शॅकल, यू-बोल्ट, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट आणि बॉक्स जेथे बसतो तेथील चौकटीला गेलेली चीर, सर्व पाहायचे. बोल्ट घट्ट असला तरी भोक लंबगोल झालेले असू शकते.

पाचवे, मोजणे. टो मोजायला मशीनच लागते असे नाही. दोन्ही टायरच्या मध्यावर, हबच्या उंचीवर पुढच्या बाजूला खडूची खूण करावी आणि दोन खुणांमधील अंतर टेपने मोजावे. मग गाडी पुढे ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूला तेवढ्याच उंचीवर आणाव्यात आणि पुन्हा मोजावे. दोन्हींतला फरक म्हणजे टो. अशा जीपमध्ये सहसा १ ते ३ मिलिमीटर टो-इन असते, नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकात पाहावा. दोन्ही चाके एकाच दांडीने एकमेकांना थेट जोडलेली असतील तर गाडी उंच केल्याने टो फारशी बदलत नाही. जुन्या विलिस धाटणीत चौकटीवरच्या बेलक्रँकपासून दोन्ही चाकांकडे वेगवेगळ्या दांड्या जातात, तेथे मात्र बदलते. आणि पुढची चाके स्वतंत्र टेकूंवर असलेल्या नव्या गाड्यांत, उदाहरणार्थ २०२० साली आलेल्या नव्या थारमध्ये, उंची वाढवली की कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात.

मशीनवरची अलाइनमेंट यानंतर, सर्वांत शेवटी. ढिल्या सांध्यांच्या गाडीची अलाइनमेंट म्हणजे ढिल्या कंपासाने काढलेले वर्तुळ. सुरुवात जेथे केली तेथे ते परत येत नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदलली की वहीत लिहावी. चार भाग एकदम बदलले आणि गाडी बरी झाली तर कशाने बरी झाली हे कधीच कळत नाही. गिऱ्हाइकाचे पैसे मात्र चार भागांचे जातात.

रस्त्यावर असा प्रसंग आलाच तर काय करावे हेही सांगतो. घाबरून जोरात ब्रेक मारू नये. पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे, वेग हळूहळू उतरू द्यावा आणि गाडी कडेला उभी करावी. दोष सापडेपर्यंत ती पुन्हा वेगाने चालवू नये.

आता त्या जीपचा दोष कोठे सापडला ते सांगतो. मामू स्टिअरिंगवर बसले होते. खाली बसून सांध्यांवर हात ठेवणारा गॅरेजमधला एक पोरगा होता, वय सतरा. त्याने डाव्या पाट्याच्या मागच्या टोकावर बोट ठेवले आणि म्हणाला, “मामू, हितं बघा. पाटाच हलतोय.” बुश झिजून बोल्टभोवती मोकळी जागा झाली होती. दोन्ही किंगपिनची बेअरिंगेही सैल निघाली. म्हणजे दोष एक नव्हता. शून्यावर आलेला कॅस्टर, झिजलेला बुश, सैल बेअरिंगे आणि मोठ्या टायरचे वाढलेले वजन, सर्वांनी मिळून तो हादरा उभा केला होता. डॅम्पर हे सर्व महिनाभर झाकून ठेवत होता आणि आतली झीज वाढत होती.

तो पोरगा माझाच एके काळचा विद्यार्थी. आठवीत असताना तो रोज उशिरा यायचा, वर्गात पेंगायचा. मी त्याला बाकावर उभा करायचो. प्रगतिपुस्तकावर ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा माझ्या हातचा आहे. नववीत त्याने शाळा सोडली. त्या दिवशी जीपखालून बाहेर आल्यावर मी त्याला विचारले, तेव्हा कळले की त्या काळात वडिलांच्या आजारपणामुळे तो रात्री अकरापर्यंत एका पंक्चरच्या दुकानात काम करीत असे. मी कधी विचारलेच नव्हते. पालकहो, मामूंनी जीपवर डॅम्पर बसवला होता, तसाच मी या मुलावर छडीचा डॅम्पर बसवीत होतो. थरथर दिसत होती, ती दाबली. सांधा कोठे निखळला आहे हे हात लावून पाहिले नाही. ही कबुली देण्यासाठीच मी आज हा विषय घेतला, असे म्हटले तरी चालेल.

त्या संध्याकाळी मी त्याला पायथागोरसचा हिशेब वहीवर करून दाखवला. हात लावून दोष ओळखणाऱ्या त्या मुलाला, गाडी उंच केल्यावरच हे का सुरू झाले, याचे उत्तर तोवर मिळालेले नव्हते. त्याने तो हिशेब तीनदा करायला लावला आणि विचारले, “सर, हे पुस्तकात होतं?” होते, बाबा. पण आम्ही ते जीपपर्यंत आणले नाही. पुढे त्याने १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीची परीक्षा दिली. पहिल्या वेळी इंग्रजीत राहिला, पुरवणी परीक्षेत सुटला. नंतर आय.टी.आय.मध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याने पूर्ण केला. तो आजही गॅरेजमध्येच आहे, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. फरक एवढाच की आता त्याच्या खिशात पान्याबरोबर वहीही असते.

बागायतदारांना मामूंनी मूळ मापाच्या शॅकल आणि नवे बुश घालून दिले, बेअरिंगे बदलली, टायर मूळ मापाचे बसवले. गाडी खाली आली म्हणून ते आठ दिवस रुसले. नंतर स्वतःच येऊन म्हणाले, “वाट थोडी दुरुस्त करून घेतली, बरं झालं.” या बाबतीत कायदाही सर्वांनी जाणून असावा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच स्पष्ट केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. तरुण मित्रांनो, रुबाबासाठी गाडी उंच करण्याआधी एवढे लक्षात ठेवा. आणि गॅरेजवाल्या बंधूंनो, गिऱ्हाईक सांगते म्हणून काहीही करून देणे हा धंदा असेल, कसब नव्हे.

शेवटी एका उस्तादाची आठवण करून देतो. सुमारे आठशे वर्षांपूर्वी अल-जझरी नावाचा एक यंत्रकार दियारबकरच्या दरबारी होता. त्याने १२०६ साली यंत्रांवरचा एक मोठा ग्रंथ पूर्ण केला. तो स्वतः हाताने यंत्रे बनवणारा कारागीर होता, आणि दुसऱ्या कारागिराला तशी यंत्रे बनवता यावीत म्हणून त्याने मापांसह आणि चित्रांसह सर्व लिहून ठेवले. हात आणि लेखणी यांची त्याने फारकत होऊ दिली नाही. ती फारकत आपण केली. ज्याचा हात चालतो त्याला आपण वर्गाबाहेर काढले, आणि ज्याची लेखणी चालते त्याने हाताला ग्रीस लावून घेणे कमीपणाचे मानले.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलगा गॅरेजकडे ओढला जात असेल तर त्याला रागावू नका, पण दहावी पुरी झाल्याशिवाय वही सोडू देऊ नका. आणि मुलगा भरकटताना दिसला, त्याचे गुण घसरले, तो गप्प गप्प राहू लागला, तर लगेच शिकवणी बदलू नका, मारू नका. आधी जवळ बसा आणि विचारा. आम्हा शिक्षकांनाही तेच करावे लागेल. विद्यार्थ्यांनी मात्र आज घरी गेल्यावर एवढे करावे. बापाची, चाचांची, शेजाऱ्याची जी गाडी दारात उभी असेल, तिच्या टायरवर एकदा तळहात फिरवून पाहावा आणि काय जाणवले ते वहीत लिहावे. सोमवारी वर्गात मी त्या वह्या पाहीन.